पाक आला नव्हता

ओट्स आमच्या घरात डॉक्टरच्या सांगण्यावरून आले. मुलाचं कोलेस्टेरॉल जरासं वर सरकलं होतं. डॉक्टर म्हणाला, सकाळी ओट्स खात जा, तर हा संध्याकाळीच भला मोठा डबा घेऊन हजर. आठ दिवस त्यानं ते दुधात भिजवून, डोळे मिटून गिळले. नवव्या दिवशी पोहे मागितले आणि डबा फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसला. आमचा जबलपूरचा दूधवाला बरगी गावाच्या बाजूनं येतो, घरची जनावरं आहेत त्याची. एकदा मी तो डबा पुसत दारात बसले होते, तेव्हा त्यानं चिमूटभर ओट्स तळहातावर घेऊन चोळून पाहिले आणि म्हणाला, "अम्मा, ये तो जई है. हम तो भैंस को डालते हैं." मी म्हटलं, "हम भी वही कर रहे हैं, भैया." मुलानं ते आतून ऐकलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

या जईचं पुढे कधी काही होईल असं मला वाटलं नव्हतं. पण आमच्या सुनेनं ती गणपतीपुढे नेऊन ठेवली.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाचं थोडं सांगायला हवं. कोणी फॅक्टरीतून निवृत्त, कोणी रेल्वेतून, कोणी अजून नोकरीत, अशी पन्नासेक घरं. वर्षभर एकमेकांना तोंड न दाखवणारी ही मंडळी गणपतीच्या दहा दिवसांत संस्कृतीचं रक्षण करतात. म्हणजे काय, तर अध्यक्ष भाषण करतात, ज्यात "मराठी टिकली पाहिजे" हे वाक्य सोडून बाकी सगळं हिंदीत असतं, आणि रोज संध्याकाळचा प्रसाद एकेका घराकडे असतो. घरात नवी सून आलेली असेल तर तिची पहिली पाळी सगळ्यांच्या लक्षात असते. त्या दिवशी प्रसाद तिनं एकटीनं करायचा. आरती झाली की माइकवरून तिचं नाव घेतात, पदार्थाचं नाव घेतात आणि टाळ्या वाजवतात. परीक्षा आहे असं कोणी म्हणत नाही. पण त्या दिवशी हजेरी नेहमीच्या दुप्पट असते, आणि हात पुसत पुसत बायका जे बोलतात त्यावर ती मुलगी मंडळाची झाली की नाही ते ठरतं. मीही माझ्या काळात यातून गेले आहे आणि नंतर इतरांच्या सुनांना नापासही केलं आहे.

आमची सून सराफ्यातली, हिंदी घरातली. लग्नाला दोन वर्षं झाली. मराठी तिला सगळं कळतं. बोलायला लागली की चार शब्दांवर हिंदीत घसरते. आमच्या बायका तिच्याशी एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलायच्या, जणू ती बहिरी आहे. पाठीमागे तिला "तुमची हिंदीवाली" म्हणायच्या, आणि ते पाठीमागेही इतक्या मोठ्यानं की तिला ऐकू जायचं. तिला ते लागत होतं. श्रावणात पाळ्यांची यादी लागली, त्यात आमचं घर सहाव्या दिवशी. त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, इस बार प्रसाद मी करणार. पूरा मी. कोणी हात नाही लावायचा."

मी मनातल्या मनात रवा निवडायला घेतला होता. माझ्या रव्याच्या लाडूंबद्दल मी नम्रपणे काही सांगणार नाही, कारण त्यात नम्र होण्यासारखं काही नाही. चाळीस वर्षांत माझा पाक चुकलेला नाही. मला वाटलं, हिला शेजारी उभी करून शिकवीन, लाडू ती वळेल, नाव तिचं होईल आणि खाणाऱ्याला पहिल्या घासात कळेल की हात कोणाचा आहे. तर ती म्हणाली, "लड्डू नको आई. बच्चे लोक खात नाहीत. मागच्या वर्षी खुर्चीखाली टाकलेले मी खुद उचलले."

ते खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

मग तिनं मोबाइल पुढे केला. त्यात एक पोरगी, आमच्या बैठकीच्या दुप्पट स्वयंपाकघरात उभी राहून, साखर, दूध, लोणी आणि कोको उकळत होती. त्यात शेंगदाण्याचं लोणी, त्यात ओट्स, मग चमच्यानं कागदावर गोळे टाकायचे आणि थंड करायचे. झाली कुकी. ओव्हन नको, काही नको. हे सांगताना ती पोरगी इतकी हसत होती की तिच्या घरी काही बरं नसावं असं मला वाटलं. "नो-बेक आहे आई," सून म्हणाली, "भट्टीत टाकायचं कामच नाही." मी म्हटलं, लाडू कधी भट्टीत टाकलेला पाहिलास का गं तू? आमच्या आयांनी जन्मभर भट्टीशिवाय केलं, त्यांना कोणी व्हिडिओत उभं केलं नाही. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

सहाव्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं पदर खोचला. भाद्रपदातली जबलपूरची दुपार, हवेत इतकं पाणी की बरणीतलं मीठ चमच्याला सोडत नव्हतं. मी बैठकीत वाती वळत बसले. तिथून स्वयंपाकघर दिसतं. दिसावं म्हणूनच मी तिथे बसले होते. तिनं सगळ्यात मोठा गंज, म्हणजे पातेलं, शेगडीवर ठेवला. व्हिडिओतल्या पोरीनं केलं होतं वीस कुकींचं, हिला करायचं होतं शंभरेकांचं, म्हणून सगळं पाचपट घातलं. शेंगदाणे आधीच मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवून ठेवले होते. हात स्वच्छ, ओटा पुसलेला, सगळी मापं ओळीनं मांडलेली. कामाला वाकडं नाव ठेवायला जागा नव्हती, ही माझी त्या वेळची मोठी अडचण होती.

आता यात कुकी-बिकी सगळं नावापुरतं आहे. खरा पदार्थ एकच, साखरेचा पाक. त्यात कोको घाला नाहीतर केशर घाला, पाक गोळीवर आला तर वडी बसते, नाही आला तर बसत नाही. वाटीभर पाण्यात एक थेंब टाकायचा. बोटांनी गोळा करता आला तर झाला, पाण्यात पसरला तर नाही झाला. मला थेंबाचीही गरज नसते, मला आवाज पुरतो. कच्चा पाक खळखळ वाजतो, पाण्यासारखा. पक्का व्हायला लागला की आवाज जड होतो, बुडबुडे लहान होतात, गंजातून बदबद ऐकू येतं. ही गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत. व्हिडिओत म्हणाले होते, उकळी आल्यावर एक मिनिट.

तिनं कडेला पहिले बुडबुडे दिसले तसं मोबाइलवर मिनिट लावलं. मध्यभागी गंज अजून शांत होता. एवढ्या मोठ्या गंजाला खरी उकळी यायलाच अजून तीन मिनिटं हवी होती, आणि पुढे आणखी दोन. मोबाइल वाजला. तिनं डाव घातला, वर केला, धार पाहिली. तिला शंका आली असावी, कारण ती वळून म्हणाली, "आई, जरा बघता का? इतना बस आहे ना?"

मी वातीवरून मान वर केली नाही. म्हटलं, "मला काहून विचारून राहिली? तुझ्या त्या मोबाइलमधल्या बाईला विचार. ती जास्त शिकलेली दिसते."

ती गंजाकडे वळली. मग शेगडी बंद केल्याचा खटका ऐकू आला.

मला माहीत होतं. बसल्या जागेवरून माहीत होतं, उठून दहा पावलं जावं लागलं नसतं, "राहू दे अजून" एवढे तीन शब्द पुरले असते. ते मी बोलले नाही, आणि ते विसरले किंवा राहून गेले असं नाही. तिची थोडी फजिती व्हावी असं मला वाटत होतं. फार नाही, घरातल्या घरात. वडी बसणार नाही, ती रडकुंडीला येईल, माझ्याकडे येईल, आणि मग मी उठेन. त्यासाठी मी आदल्या दिवशीच, ती बाजारात गेली असताना, दीड किलो रवा तुपावर भाजून डब्यात भरून ठेवला होता. इतकी माझी तयारी होती.

पण फ्रिजनं घोळ केला. तिनं कुकींची ताटं फ्रिजमध्ये ठेवली आणि दोन तासांनी काढली तर त्या घट्ट. ती टाळ्या वाजवत बाहेर आली. ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, बघा! कसे झालेत?" मी एक उचलून बोटानं दाबली. वर कडक, आत लोण्यासारखी. थंडीनं आखडलेली होती नुसती, बसलेली नव्हती. खोलीच्या हवेत अर्धा तास टिकली असती तरी खूप. निघायला अजून तास होता आणि एका तासात माझे लाडू झाले असते.

"थंड आहेत," मी म्हणाले.

तिला ते कौतुक वाटलं. ती साडी नेसायला गेली. काठपदराची साडी, अंबाडा, नथ. नथ तिनं दोनदा उलटी लावली, तिसऱ्यांदा मीच लावून दिली. आरशात बघून ती म्हणाली, "अब तो मराठी दिसते ना मी?" मी हो म्हटलं. त्या क्षणी मी तिला सगळं सांगू शकले असते, नथ लावता लावता. माणूस किती कोता असू शकतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाकडे बघावं लागलं नाही.

हॉलमध्ये त्या दिवशी बसायला जागा नव्हती. अध्यक्षांनी नेहमीचं भाषण केलं. मग लहान मुलांनी नाच केले, ज्यात पायापेक्षा आयांचे मोबाइलच जास्त हलत होते. मग आरत्या. आमच्या मंडळात आरती सुरू झाली की येत असलेली एकही सोडत नाहीत, आणि येत नसलेल्याही दोन-तीन म्हणतात. निरांजनं विझतात म्हणून पंखे बंद. कापूर, धूप, शंभर माणसांचा घाम, आणि एका बाजूच्या टेबलावर, विजेच्या माळेच्या अगदी खाली, पांढऱ्या रुमालानं झाकलेली आमची ताटं. सून ताटांच्या बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती. शब्द येत नव्हते तिथे नुसते ओठ हलवत होती. मी दुरून तो रुमाल पाहत होते. त्याच्या मधोमध एक तपकिरी डाग उमटला आणि हळूहळू मोठा व्हायला लागला.

माइकवरून नाव घेतलं गेलं. "आजचा प्रसाद, सूनबाईंनी स्वतः केलेला, चॉकलेट ओट्स कुकी!" टाळ्या वाजल्या. प्रसाद वाटायचं काम आमच्या समोरच्या घरातल्या काकूंकडे असतं. त्यांचे स्वतःचे लाडू असे की बत्त्यानं फोडावेत, आणि हे मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. काकूंनी रुमाल उचलला. तो सहज उचलला गेला नाही, सोबत थोडा प्रसादही आला. ताटात शंभर कुकी नव्हत्या, एक होती, आणि ती काठावरून खाली उतरत होती.

कोणीतरी चमचा आणला. काकूंनी वाढायला सुरुवात केली. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा तळहात पुढे धरून म्हणाले, "हे खायचं आहे का लावायचं?" हॉल हसला. पोरं मात्र तुटून पडली. बोटं चाटत होती, पुन्हा रांगेत येत होती, एकानं तर गणपतीच्या चौरंगालाच हात पुसला. खुर्चीखाली त्या दिवशी काही पडलं नाही. पण पोरांचं मत मंडळात धरत नाहीत. बायका हातांवरचा प्रसाद बघत होत्या, आणि मग एकेक करून माझ्याकडे बघायला लागल्या.

काकू जवळ आल्या. "काय हो, पाक आला नाही वाटते. तुमच्या घरी? असं काहून झालं?"

"मला विचारलं असतं तर ना!" मी म्हणाले. विचार न करता म्हणाले असं म्हणायला मला आवडेल, पण ते वाक्य माझ्याजवळ दुपारपासून तयार होतं. "आजकालच्या पोरी आपल्याला कुठे विचारतात? मोबाइलला विचारतात."

सून माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, हातात ते ताट, नथीच्या खाली घाम. तिनं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता बोलेल. ती काही मुकी नाही; सराफ्यातल्या पेढीवर वाढलेली मुलगी, गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं पाडणारी माणसं तिच्या माहेरी रोज बघितलेली. "विचारलं होतं" एवढंच म्हणाली असती तर माझी चाळीस वर्षं त्या ताटात गेली असती.

ती काकूंकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "हो काकू. आईंना विचारायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

"अगबाई, किती छान मराठी बोलते!" एक बाई ओरडली. दुसरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं गं पहिल्यांदा. माझा तर शिराच करपला होता." सगळ्या तिच्याभोवती जमल्या, ताटं धुवायला मदत करायला लागल्या, सुटे सुटे शब्द न करता तिच्याशी बोलायला लागल्या. म्हणजे ती पास झाली. मंडळाला पदार्थ लागतच नव्हता, सासूपुढे खाली गेलेली मान लागत होती. ती तिनं मला वाचवण्यासाठी खाली घातली होती, हे तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

घरी येताना रिक्षात मी भांडणाची वाट बघत होते. भांडण झालं असतं तर मी जिंकले असते. भांडणात मी चांगली आहे. मुलानं दारातच विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "थोडं पातळ झालं. बच्चोंने सब खा लिया." आणि नथ काढून डबीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपम्यासाठी रवा शोधताना तिच्या हाताला तो डबा लागला. उघडून तिनं वास घेतला. "आई, हा भाजलेला रवा? एवढा? कधी भाजला?"

"परवा," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही.

ती डब्याकडे बघत उभी राहिली. परवा कोणता दिवस होता आणि काल काय झालं, याचा हिशेब लावायला तिला वेळ लागला नाही. "अच्छा," एवढंच म्हणाली, झाकण लावलं आणि दुसरा रवा घेतला. तिनं आजतागायत त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. माझा आदर तर ती पूर्वीपेक्षा जास्त करते. चहा पहिला मला, ताट पहिलं मला, बाहेर जाताना पाया पडणं. मुलाला वाटतं घरात फार चांगलं चाललं आहे.

दिवाळीच्या आधी तिनं पुन्हा त्याच कुकी करायला घेतल्या, भाऊबीजेला माहेरी न्यायला. या वेळी गंज लहान होता. मी बैठकीतच होते. खळखळ सुरू झाली, मी कान दिले. आवाज जड व्हायला लागला. मी वाट बघत होते तिनं विचारायची. खरं सांगते, "आता उतरव" हे माझ्या ओठांवर येऊन थांबलं होतं. या खेपेला मी उठून गेले असते.

ती पुढच्या खिडकीपाशी गेली आणि गल्लीत हाक मारली, "काकू, दोन मिनिटं येता का? पाक बघायचा आहे."

मुलगा म्हणाला, "अगं, आई बसली आहे ना इथे. तिला विचार."

"नको," ती म्हणाली, "आईंना काहून त्रास?"

समोरच्या काकू ओल्या हातांनीच आल्या. माझ्यापुढून, माझ्या घरात, माझ्या शेगडीपाशी गेल्या. वाटीभर पाणी मागितलं. मी बाहेर होते, पण तोवर आतला आवाज मला सांगून गेला होता. मी मनात म्हटलं, आता. आणि त्याच वेळी काकू म्हणाल्या, "झालं. उतरव."

अगदी बरोबर वेळेला. ज्या बाईचे लाडू बत्त्यानं फोडावे लागतात तिला कळलं होतं, किंवा निदान ती सांगायला आली होती.

थोड्या वेळानं सूनबाई बशीत पहिली कुकी घेऊन माझ्याकडे आली. पहिलं मलाच आणते ती सगळं. घट्ट बसली होती, काठावर तकाकी होती, दातांखाली नीट तुटली. जई असो की काही असो, पदार्थ चांगला होता. मी म्हणाले, "छान झाली."

"हो ना?" ती म्हणाली, आणि मी पुढे काही बोलते का याची वाट न बघता आत गेली, काकूंना सांगायला.